कपाळ किती लांब

ज्या वर्षी माझा डावा डोळा गेला, त्या वर्षी आमच्याकडे कापूस उदंड झाला होता. ओसरी भरली, माजघर भरलं, शेवटी देवघरापुढची जागाही बाबांनी सोडली नाही. आम्ही भावंडं त्या ढिगांवरच झोपायचो आणि सकाळी केसांत कापूस घेऊन उठायचो. सरकीचा तो तेलकट वास अंथरुणाला, पाण्याच्या माठाला, सगळ्यालाच लागलेला असायचा. भाकरीत कापूस येतो म्हणून माय दिवसभर कुरकुरायची, आणि यायचाही. बाबा गाड्या भरून मलकापूरला जायचे आणि येताना शेव, केळी घेऊन यायचे. घर एकंदरीत खुशीत होतं. त्या दिवसांची आठवण निघाली की मला आधी तो वास येतो, डोळा नंतर आठवतो.

वेचणी संपली की कापसाची वाळलेली झाडं, पऱ्हाटी, उपटून तिचे भारे घरी यायचे. वर्षभराच्या चुलीची ती सोय असायची. अंगणात गाडी उभी होती आणि मी खालून एक भारा ओढत होते. मधली एक काडी अडकली, वाकली आणि सुटली ती सट्‌दिशी डोळ्यावर. रक्त फारसं नव्हतं. मायने शेळीच्या दुधात भिजवलेला बोळा बांधला, रोज बदलला, आणि पट्टी सुटली तेव्हा डोळा जसाच्या तसा होता. फूल पडलं नाही, लाली राहिली नाही. मायने मारुतीपुढे गूळ वाटला. मला मात्र त्या डोळ्याने जाड घोंगडीतून यावा तेवढाच उजेड दिसत होता. हे कुणाला कसं सांगायचं, ते मला कळत नव्हतं. गूळ वाटून झाल्यावर तर आणखीच कठीण झालं.

सांगावं लागलंच नाही. जेवताना मी लोट्याकडे हात नेला आणि मूठ हवेतच मिटली. दुसऱ्यांदा नेला तर लोटा कलंडून पाणी बाबांच्या ताटात. ताकाची धार वाटीच्या अलीकडे पडायची. दिवा लावायला गेले तर काडी वातीच्या बाजूलाच जळून जायची. गंमत अशी की लांबचं सगळं नीट होतं. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या अलीकडे, तिथून दक्षिणेला बुलढाण्याचा घाट दिसतो. तो जिथल्या तिथे होता. चिंचेवरचे बगळे, शेवटच्या वावरातला माणूस, सगळं पूर्वीसारखंच. फक्त हाताशी असलेलं जग जागेवरून हललं होतं. बाबा रागावून म्हणाले, लक्ष कुठं असते तुहं? आणि मी रडायला लागले तेव्हा मायच्या हातातली भाकर तव्यावरच राहिली आणि करपली.

मलकापूरच्या डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून पाहिला. बाहेरून डोळा छान आहे, आतलं काही तुटलंय, ते आता येणार नाही, पण वर्षभरात पोरीला सवय होईल, असं ते म्हणाले. बाबा दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. फाटकाशी आमची गाडी थांबली तेव्हा मी पहिल्यांदा आगगाडी पाहिली. ती येतेय असं वाटतच नव्हतं, जागच्या जागी मोठी होत होती. येताना नळगंगेच्या पात्रात बाबांनी बैल सोडले, तोंड धुतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे घराबाहेर नोको जायले." मी मान हलवली. माझी लग्नाची बोलणी त्याच उन्हाळ्यात सुरू व्हायची होती. त्या वाक्यानं मला पहिल्यांदा कळलं की मला काहीतरी झालेलं नाही, माझ्यातच काहीतरी झालेलं आहे.

घरात आत्या होती, बाबांची थोरली बहीण. मी जन्मायच्या कितीतरी आधी तिचा नवरा वारला आणि ती माहेरी आली. गावात इतर घरांत अशा बायकांचे पाट लागायचे, दुसरे संसार व्हायचे, आमच्या घरात ते कमीपणाचं समजत. म्हणून ती राहिली. अंगावर बिनकाठाचं लुगडं, मोकळे हात, आणि कपाळावर लहानपणी गोंदलेला हिरवा ठिपका. पहाटे जात्यावर तीच असायची, ठेचा वाटायला तीच, आणि अंबाडीच्या भाजीला तिच्याइतकी चव मायच्या हाताला नव्हती. हे माय स्वतः कबूल करायची, फक्त आत्यासमोर नाही. माझं काम बाबांनी तिच्याकडे दिलं. म्हणजे मला असं तयार करायचं, की बघायला आलेल्यांना काही कळू नये.

आत्यानं ते मन लावून केलं. "डोयावर भरवसा ठेवू नोको, हाताले विचार," हे तिचं पहिलं सांगणं. पेला उचलायचा तर हात वरून न्यायचा नाही, तळहात जमिनीवरून सरकवत न्यायचा, बोटाला काठ लागला की उचलायचा. पाणी ओतायचं तर लोट्याचं तोंड पेल्याला टेकवूनच, आणि आवाज चढत गेला की थांबायचं. वस्तू आणि तिची सावली जिथं भेटतात तिथं ती टेकलेली असते. दोन वस्तूंपैकी जी दुसरीला झाकते ती अलीकडची. पदर सावरल्यासारखं करून मान जराशी हलवायची, जवळचं जास्त सरकतं आणि लांबचं कमी. उंबरा पायाच्या अंगठ्यानं चाचपायचा. सुईत दोरा ओवताना दोन्ही करंगळ्या एकमेकींना टेकवायच्या, मग हात हलत नाहीत. बघायला आलेली माणसं त्या काळी मुलीला सुई ओवायला लावतच, त्यामुळे दुपारभर माझी सुई चालायची. आत्या समोर बसून तूर पाखडायची आणि मी चुकले की नुसतं सूप थांबवायची. आता दोन डोळ्यांची माणसं पाहते तेव्हा वाटतं, यांना किती फुकट मिळालंय. पेला दिसला की हात जातो, मधे काही विचारच नाही.

मी शिकत गेले, आणि जितकी शिकले तितकी लाज वाढली. न येणाऱ्या माणसाला एवढी लाज नसते, लपवता येणाऱ्याला असते. सागरगोट्यांत माझा हात कुणी धरत नव्हतं. पण वर उडवलेला गोटा आता झेलता येईना, म्हणून मी मोठी झाले, खेळत नाही, असं सांगून टाकलं. मैत्रिणी म्हणाल्या, लग्नाआधीच नवरीचा तोरा आला. मला तो तोरा परवडला. विहिरीवर मी नेहमी भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहायची, म्हणजे त्या बाजूला कुणी येणार नाही. धाकटा भाऊ एकदा मुद्दाम माझ्या डाव्या बाजूनं येऊन भ्यॉं करून गेला तेव्हा बाबांनी त्याला असा मारला की तो जेवला नाही. मला वाटलं, त्यापेक्षा मला मारायला हवं होतं. हे सगळे माझ्यासाठी खोटं बोलत होते आणि मी त्यांना काही देऊ शकत नव्हते.

स्थळ आलं ते धाड गावाकडचं, घाटावरचं. मुलगा अकोल्याला मास्तरकीचं शिकत होता, घरी ओलिताची जमीन. बाबांना ते फार पसंत होतं. आमच्या घरातली मुलगी मास्तराच्या घरी जाणार, याचं त्यांना अप्रूप होतं. मुलगा आला नाही. मुलाचे वडील, चुलते आणि एक काकू अशी तिघं दमणीतून घाट उतरून आली. बघायला बायका येत नसत त्या काळी, पण ही काकू आली. मुलाला आई नव्हती, तिनंच त्याला वाढवलं होतं. चहाचे कप आम्ही कासारणीच्या, हमीदाचाचीच्या घरून मागून आणले होते आणि त्यावर मायने आणि आत्याने मिळून माझा सराव घेतला होता. बाबांनी ओसरीत मुलाच्या वडिलांना सांगितलेलं मी आतून ऐकलं. त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, पोरीत काही खोड? आणि बाबा म्हणाले, काहीच नाही, हवं तर मारुतीच्या पायरीवर येऊन सांगतो. बाबा खोटं बोलत नसत. बैल विकतानासुद्धा त्याची खोड आधी सांगत. मी आत चुलीशी उभी होते आणि मला वाटलं, त्या बैलापेक्षा मी वाईट.

सगळं ठरल्याप्रमाणं झालं. शिऱ्याच्या बश्या मी जमिनीवरून सरकवत पुढे केल्या, त्यात अदबच दिसली. हातावर पाणी घालताना लोटा ओंजळीच्या अगदी जवळ नेला. काकूनं सुई दिली, मी दोन्ही करंगळ्या टेकवल्या आणि दोरा पहिल्या झटक्यात गेला. मुलाचे चुलते म्हणाले, हात चांगला आहे. आत्या माजघराच्या दाराआड उभी होती. विधवा बाईनं अशा वेळी पुढं यायचं नसतं, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता. वडीलधारे एकमेकांकडे बघून हसले. मायनं काकूची खणानारळानं ओटी भरली. आता उठतील आणि दमणीत बसतील, एवढंच राहिलं होतं.

निघताना कुंकू लावायचं म्हणून माय हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली तेव्हा काकू म्हणाली, तुम्ही नका, मुलीच्या हातानं लावू द्या. प्रेमानं म्हणाली असेल, किंवा परीक्षा म्हणून. मला आजही ठरवता येत नाही. मायचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं कोयरी माझ्या हातात दिली, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं.

मी बोट कुंकवात बुडवलं आणि काकूसमोर बसले. ती दाराकडे पाठ करून बसली होती, मागून ऊन येत होतं. चेहऱ्यावर सावली होती, आणि सावलीत सावली कुठली शोधायची. कपाळ नुसतं कपाळ होतं. खाली जमीन नव्हती सरकायला, काठ नव्हता टेकायला, आवाज नव्हता. मी मान हलवली, तर ती हसून म्हणाली, लाजतीस कामून. मी बोट पुढं नेलं आणि टेकवलं. ते हवेत टेकलं. पोकळीत मी कुंकू लावत होते आणि सगळे बघत होते. मी घाबरून हात एकदम पुढं लोटला, आणि बोट काकूच्या पापणीत गेलं.

ती ओरडली नाही. माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं डोळा पुसला, गालावर कुंकू पसरलं, आणि उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं तिचा तळहात माझ्या उजव्या डोळ्यावर ठेवला. हात गार होता आणि त्याला वेलदोड्याचा वास येत होता. म्हणाली, "माझ्या ह्या हातात काय हाय, सांग बरं पोरी."

मला नुसता पांढरा उजेड दिसत होता. मी नाही म्हणू शकले असते. पण मायनं आत्ताच तिची ओटी भरली होती, मी ते पाहिलं होतं, आणि इतके महिने मी हेच तर शिकले होते, न दिसणारं ओळखायला. मी म्हटलं, "नारळ."

तिनं उजव्या डोळ्यावरचा हात काढला तेव्हा तिचा दुसरा हात माझ्यासमोर उघडा होता. त्यात काहीच नव्हतं. मुलाच्या चुलत्यांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, माझ्या अंगावर कपडे नाहीत.

काकू उठली. नारळ आणि खण तिनं पाटावर ठेवला, अपमान म्हणून नाही, हळूच. उंबऱ्यात ती बाबांसमोर थांबली. बाबांची मान खाली. "पाटील, डोळा नसला तरी आम्ही विचार केला असता," ती म्हणाली. "माझ्या जावेला ऐकू येत नव्हतं, तिला आम्ही नांदवलीच की. पण तुम्ही सांगितलं नाही." एवढंच. दमणीच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत राहिला आणि तोवर ओसरीतलं कुणी हललं नाही. बाबा मग वावरात निघून गेले. पुढं कित्येक दिवस ते धामणगावच्या बाजाराला गेले नाहीत. गडी जायचा, मीठ-मिरची आणायचा. बाजारात लोक काय विचारतील, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही. शिरा तसाच पडून होता, त्यावर मुंग्या आल्या. माय चुलीकडे तोंड करून बसली होती आणि अचानक, मागे न बघता बोलली. "सारं शिकवलं बाईनं, कुंकू तेवढं राह्यलं. राहीनच. तिले कायले सुचन कुंकू."

आत्या ताटल्या उचलत होती. ती वाकलेलीच राहिली, मग उरलेल्या ताटल्या उचलून परसात गेली. मायला लगेच वाईट वाटलं हे मला तिच्या पाठीवरून कळलं, पण आमच्या घरात माफी मागायची रीत नव्हती. माय म्हणाली ते खरंच होतं. आत्यानं पाण्याचा, सुईचा, चुलीचा, उंबऱ्याचा सगळा विचार केला होता. कुंकू तिच्या हातातून इतक्या लहानपणी गेलं होतं की बायका एकमेकींना ते लावतात, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. सणावाराला हळदीकुंकू निघालं की ती आपणहून गोठ्यात जायची. मला माझ्या डोळ्याची लाज वाटत होतीच. आता माझ्यामुळे तिला तिच्या कपाळाची आठवण करून दिली गेली, याची त्याहून मोठी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय आणि भावंडं वावरात गेली. आत्यानं मला हाक मारली. ती माजघरात बसली होती, पुढचं दार लावलेलं, आणि पुढ्यात मायची कोयरी. मी म्हटलं, आत्या, आता मी हे लपवणार नाही. पुढं जे कुणी येतील त्यांना बाबांनी आधी सांगावं, नाहीतर मी सांगेन. पुढं तसंच झालं. मला जिथं दिलं, त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्या घरात मला त्यावरून कुणी कधी बोललं नाही. पण त्या दुपारी ते काही ठाऊक नव्हतं, मी फक्त हट्टानं बोलले. आत्या म्हणाली, "सांग. सांगितलंच पाह्यजे. पण कुंकू तं लावता आलं पाह्यजे न व. घरची बाई होशीन. दारी आलेलीले लावशीन कसं?"

आणि तिनं पदर मागे घेतला आणि कपाळ पुढं केलं.

मला वाटलं, तिला म्हणायचंय की हात नुसता नेऊन दाखव. ती म्हणाली, नुसता नाही, कुंकवाचा. नाहीतर लागलं की नाही ते कसं कळणार. मी कोयरीकडे बघितलं. विधवेच्या कपाळाला कुंकू लावायचं म्हणजे काय, हे मला त्या वयातही पुरतं कळत होतं. मायला कळलं असतं तर काय झालं असतं, तेही. मी नाही म्हटलं. ती हटली नाही. मग मी बोट बुडवलं, नेलं, आणि ते आधीसारखंच हवेत राहिलं. पुन्हा नेलं तर भुवईला लागलं, मग नाकाला. ती प्रत्येक वेळी पदरानं पुसायची आणि पुन्हा चेहरा वर करायची. शेवटी तिलाच सुचलं. म्हणाली, "डाव्या हातानं माही हनुवटी धर. आता तुह्या हाताले ठाऊक आहे न, चेहरा कुठं आहे?" मी धरली. डाव्या हाताला तिचा चेहरा कळला आणि उजव्याला आपोआप अंतर कळलं. बोट सरळ त्या हिरव्या ठिपक्यावर जाऊन टेकलं. "पाह्य," ती म्हणाली, "लोकाईले माया वाटन." थोर बाई असेल तर हनुवटी नको, खांद्यावरचा पदर सावरल्यासारखा कर आणि हात तिथंच ठेव, हेही तिनं लगेच सांगितलं.

तेवढ्यावर ते संपायला हवं होतं. पण तिनं या वेळी कपाळ पुसलं नाही. हनुवटी माझ्या हातात तशीच ठेवून ती बसून राहिली, आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कसं दिसते व?"

ती चांगली दिसत होती. मायहून चांगली. तेव्हा तिचं वय काय असेल, माझ्या सुनेच्या आताच्या वयाहून पुष्कळ कमी. मी चांगलं म्हटलं असतं तर तिचं काय झालं असतं, आणि वाईट तर म्हणताच येत नव्हतं. बाहेर कुणीतरी मोळी टाकली, शेजारच्या अंगणात असेल, पण आम्ही दोघीही दचकलो. आत्यानं पदराचं टोक हातात घेतलं, कपाळापर्यंत नेलं आणि तिथंच थांबली.

"तूच पूस," ती म्हणाली. "मले नाई पुसवत."

मी पदर ओला केला आणि पुसलं. हात पहिल्याच वेळी बरोबर जागेवर गेला, आणि त्याची मला आजही लाज वाटते.